चुंबळ नसलेली घागर

आपल्या मराठी घरांतील बैठकीच्या भिंतींवर काय काय टांगलेले असते, याची यादी कोणी केली तर तीवरून माळव्यातील आपल्या समाजाचा बराचसा इतिहास लिहिता येईल. पागोटे घातलेल्या पणजोबांची तसबीर, एखादी गंजलेली तलवार किंवा तिचे रिकामे म्यान, रविवर्म्याच्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वती, दरबारातील एखाद्या समारंभाचे पिवळे पडलेले छायाचित्र. आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत या सर्वांच्या शेजारी येऊन बसलेले ग्रामीण जीवनाचे एखादे चित्र. त्यात बैलगाडी असते, झाडाखाली विसावलेला शेतकरी असतो, नाही तर पाणवठ्यावरून परतणाऱ्या स्त्रिया असतात.

असे एक चित्र आमच्याही बैठकीत आहे. शासकीय सेवेतून निवृत्त झालो त्या वर्षी एका स्थानिक चित्रकाराकडून मी ते मुद्दाम विकत घेतले. सायंकाळचे सोनेरी ऊन, मागे टेकडीची निळसर कड, आणि डोक्यावर पितळी घागर घेऊन संथ चाललेली लाल लुगड्यातील एक तरुण स्त्री. तिच्या मानेची रेषा इतकी डौलदार उतरली आहे की, घरी येणारा पाहुणा प्रथम तेथेच थबकतो. मीही अनेक वर्षे सकाळचा चहा त्या चित्रासमोर बसून घेत आलो आहे.

आमच्या घरी कामाला येणारी बाई बागलीकडच्या एका खेड्यातील आहे. एके दिवशी भिंती झाडता झाडता ती त्या चित्रासमोर थांबली आणि बराच वेळ बघत राहिली. मला बरे वाटले. चित्र कसे वाटते, असे मी विचारले. तिने माळवीत जे उत्तर दिले त्याचा आशय असा : ‘‘बाबूजी, हिच्या डोक्यावर चुंबळ नाही. चुंबळीवाचून भरली घागर टाळूला रुतते, आणि डुलतेही. शिवाय भरल्या घागरीने कोणी मान अशी वर करून चालत नाही. नजर पायाखाली ठेवावी लागते. हिची घागर रिकामी असेल.’’ एवढे बोलून ती पुढच्या खोलीत गेली.

चुंबळ म्हणजे काय, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. जुन्या लुगड्याचा किंवा चिंधीचा पीळ घालून केलेले ते वेटोळे आपल्या आज्यांच्या घरात खुंटीला लटकत असे. माझी जवळजवळ सर्व नोकरी महसूल खात्यात झाली. डोक्यावर पाणी वाहून नेणाऱ्या स्त्रिया मी किती पाहिल्या असतील याची गणती नाही. तरीही रोज डोळ्यांसमोर असलेल्या चित्रातील ही उणीव मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. त्या सायंकाळी मी चित्रकाराला फोन केला. ते सज्जन गृहस्थ हसले आणि म्हणाले की, कच्च्या रेखाटनात चुंबळ होती. पण तिच्यामुळे केस, मान आणि घागर यांची सलग रेषा तुटत होती, म्हणून रंगवताना ती काढून टाकली.

म्हणजे ती उणीव अज्ञानातून आलेली नव्हती. भार सुसह्य करणारी जी एकमेव वस्तू त्या स्त्रीपाशी होती, तीच सौंदर्याच्या आड येते म्हणून वगळण्यात आली होती. आणि मी त्या वगळण्याचे पैसे मोजून ते घरी आणले होते. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. दुसऱ्याच्या कष्टातून आपल्याला सौंदर्याचा आनंद मिळतो, तो घेण्याचा आपला अधिकार काय? आणि तो घेतला तर त्यापोटी आपण काही देणे लागतो की नाही?

या प्रश्नाची दुसरी बाजू आधी मांडणे न्यायाचे होईल. सामान्य माणसांच्या नित्य जीवनाची चित्रे हा चित्रकलेत एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यांना आपण सोयीसाठी जनजीवनचित्रे म्हणू. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये हा प्रकार विशेष भरभराटीला आला. देव, संत, राजे आणि सेनापती यांच्यासाठीच राखून ठेवलेल्या फलकावर दूध ओतणारी मोलकरीण आली, खानावळीत बसलेले शेतकरी आले. ही लहान गोष्ट नव्हती. जे पाहण्याच्या योग्यतेचे मानले जात नव्हते, ते पाहण्याच्या योग्यतेचे आहे, असे चित्रकाराने सांगितले. तेव्हा खेडे रंगवणे हाच मुळात अन्याय, असे म्हणणारा मनुष्य त्या खेड्याला पुन्हा अदृश्यच करू पाहतो.

पाहणे आणि पाहणे यांत मात्र फरक असतो. १८५७ साली पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात झाँ-फ्रान्स्वा मिले या चित्रकाराने एक चित्र मांडले. कापणी झालेल्या शेतात तीन स्त्रिया वाकून जमिनीवर पडलेली कणसे वेचीत आहेत. आपल्याकडे याला सरवा वेचणे म्हणतात. मालकाचे पीक खळ्यावर गेल्यानंतर जे धुळीत उरते, ते गोरगरिबांचे. मिलेच्या चित्रात दूरवर धान्याच्या गंजी रचलेल्या दिसतात आणि घोड्यावर बसलेला देखरेख करणारा मनुष्य दिसतो. पुढे या तिघींच्या वाकलेल्या पाठी. चित्रातील उजेड सुंदर आहे, रंग शांत आहेत. तरीही त्या वेळी अनेक सुखवस्तू प्रेक्षकांना ते चित्र बोचले. १८४८च्या क्रांतीला अजून दहा वर्षेही झाली नव्हती आणि त्या वाकलेल्या पाठींत त्यांना एक धमकी दिसली. मिले स्वतः शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला होता. कंबर किती वेळ वाकलेली राहिली की दुखते, हे त्याला ठाऊक होते आणि त्याने ते चित्रातून वगळले नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मला एका पुस्तकात भेटले. माझा एक भाचा काही वर्षे मनिला येथे नोकरीस होता. येताना त्याने फिलिपाइन्समधील चित्रांचे एक मोठे पुस्तक माझ्यासाठी आणले. बाईंच्या त्या शेऱ्यानंतर मी ते पुन्हा कपाटातून काढले. त्यात फर्नांदो आमोर्सोलो या चित्रकाराची चित्रे सर्वांत अधिक आहेत. १८९२ साली जन्मलेला हा चित्रकार १९७२ साली वारला आणि त्याच वर्षी त्या देशाने ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान प्रथम त्याला दिला. त्याची भातलावणीची चित्रे आपल्या कोकणातील माणसाने पाहिली तर त्याला क्षणभर घरचीच वाटतील. गुडघाभर चिखल, ओळीने वाकलेल्या स्त्री-पुरुषांच्या आकृती, रुंद कडेच्या टोप्या, दूर डोंगर. पाठीमागून येणारे ऊन केसांच्या आणि खांद्यांच्या कडांवर असे काही झळकते की, चिखलही सोन्याचा वाटावा. चेहरे हसरे आहेत. १९२२ सालचे त्याचे भातलावणीचे चित्र प्रवाशांसाठी काढलेल्या भित्तिपत्रकांवर आणि पुस्तिकांवर सर्वत्र झळकले. देश तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता, आणि अमेरिकन अधिकारी व प्रवासी ही चित्रे हौसेने विकत घेत.

आता त्याच शेतांची दुसरी नोंद पाहू. तेथील बरेचसे भात कुळे पिकवीत. पिकाचा वाटा जमीनमालकाला जाई, आणि बी-बियाण्यासाठी व पोटासाठी काढलेले कर्ज कुळाच्या डोक्यावर वर्षानुवर्षे राही. १९३५च्या मे महिन्यात मनिलाच्या आसपासच्या प्रांतांत ‘साकदाल’ या चळवळीतील शेतकऱ्यांनी उठाव केला. सरकारने तो लगेच मोडून काढला. पुस्तकातील हसरे चेहरे आणि ते बंडखोर एकाच मुलखातले. आमोर्सोलो खोटे बोलत होता, असे मी म्हणणार नाही. भातलावणीच्या वेळी माणसे गातात, हसतात, हे आपणही पाहिले आहे. पुढे महायुद्धात मनिला जळाली तेव्हा त्याने ती आग आणि शोक करणाऱ्या स्त्रियाही रंगवल्या, हेही नोंदवले पाहिजे. तरी शांततेच्या काळातील त्याच्या शेतांत वाटेकरी आणि सावकार कोठेच दिसत नाहीत. चुंबळीसारखेच तेही रेषेच्या आड येत असावेत.

आपल्याकडे काय घडले? कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्याइतका जनजीवनाचा बारकाईने पाहणारा चित्रकार त्या पिढीत दुसरा सांगता येणार नाही. ओट्टो रॉथफील्ड या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील स्त्रियांवर लिहिलेल्या १९२० सालच्या ग्रंथासाठी धुरंधरांनी निरनिराळ्या जातींच्या आणि प्रांतांच्या स्त्रियांची चित्रे काढून दिली. वेश, दागिने, उभे राहण्याची ढब यांतील त्यांची अचूकता विलक्षण आहे. पण ग्रंथाची मांडणीच अशी की, प्रत्येक स्त्री ही कोणत्या तरी गटाचा नमुना म्हणून समोर येते. अधिकाऱ्याला प्रजा अशी वर्गवार दिसणे स्वाभाविक होते. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. मीही वर्गवार रकाने भरण्यातच उमेदीची वर्षे घालवली आहेत.

त्यानंतरचा धागा आपल्या शेजारच्या इंदूरमध्ये सापडतो. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७च्या सुमारास तेथे चित्रकलेची शाळा उभी केली. विद्यार्थ्यांनी खोलीत बसून नकला करण्याऐवजी बाहेर जावे, माळव्याचा उजेड आणि माळव्यातील माणसे प्रत्यक्ष पाहावीत, हा त्यांचा आग्रह. तेथे घडलेल्यांत इंदुरातच जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे होते. आणि पंढरपुरात जन्मून इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन यांचेही सुरुवातीचे धडे तेथलेच. १९५५ साली ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या कृतींत या दोघांचीही चित्रे होती. हुसेन यांच्या चित्राचे नाव ‘जमीन’, बेंद्र्यांच्या चित्राचे नाव ‘काटा’. दोन्ही विषय खेड्यातले.

‘काटा’ या चित्रापाशी मी थोडा अधिक थांबतो. पायात रुतलेला काटा काढणे, एवढाच त्याचा विषय. बेंद्र्यांनी ते घनवादी वळणाने, आकारांचे सपाट तुकडे जोडून रंगवले आहे; हुबेहूबपणाचा आग्रह त्यात नाही. तरीही ज्या चित्रात काटा आहे त्यात अनवाणी पाय आहेत, बाभळीची वाट आहे, आणि काटा काढताना खाली झुकणारे कोणी तरी आहे. रूप आधुनिक झाले म्हणून त्या पायाची ठणक चित्रातून निघून गेली नाही. यावरून मला असे वाटते की, सौंदर्य साधण्यासाठी चुंबळ वगळावीच लागते, हा आमच्या चित्रकार मित्रांचा समज खरा नव्हे. बेंद्र्यांनी वास्तवातले कितीतरी वगळले; पण काटा वगळला नाही. काय वगळले यापेक्षा कोणाच्या सोयीसाठी वगळले, हा खरा प्रश्न आहे.

येथवर मी पाहणाऱ्याच्या बाजूने लिहिले. पण आपण देवासकर कधी काळी पाहिले गेलेलेही आहोत. अठराव्या शतकात पवारांच्या घोड्यांबरोबर आपले पूर्वज येथे आले, थोरल्या पातीत आणि धाकट्या पातीत स्थिरावले. दोनशे वर्षांनी, १९२१ साली, ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिला. त्या काळातील त्याची पत्रे १९५३ साली आपल्या माता टेकडीच्या नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली. गोकुळाष्टमीचा उत्सव, दरबारातील गोंधळ, अर्धवट बांधलेल्या इमारती, महाराजांविषयीचे त्याचे अपार प्रेम, हे सारे त्यात आहे. पुस्तक आत्मीयतेने लिहिलेले आहे, यात शंका नाही. पण ज्या घरांतील वृद्धांनी तो काळ प्रत्यक्ष पाहिला होता त्यांपैकी काहींना मी लहानपणी त्याविषयी बोलताना ऐकले आहे. त्यांच्या आवाजात एक अवघडलेपण असे. एकजण म्हणाले होते, ‘‘साहेबाने लिहिले त्यात खोटे काही नाही, पण आम्ही काय केवळ गमतीचे होतो?’’

हे वाक्य मी त्या वेळी विसरलो आणि आता मला ते पुन्हा आठवते. आपल्याला कोणी प्रेमाने, पण मौजेचा विषय म्हणून पाहिले की काय वाटते, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याकडे पाहताना थोडे अधिक सावध असायला हवे.

दुसरा प्रसंग अगदी घरातला. १९९०च्या उन्हाळ्यात देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्यापैकी कोणीही विसरलेले नसेल. सत्तरच्या दशकापासून बँक नोट प्रेस आली, कारखाने आले, शहर वाढले. शेतात आणि घराघरांत नलकूप खोदले गेले आणि जमिनीच्या पोटातले पाणी दर वर्षी खाली जात राहिले. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीस होतो. रजेवर घरी आलो तेव्हा आई कळशी कमरेवर घेऊन रांगेत उभी होती. साठीकडे झुकलेली, आयुष्यभर घरातल्या विहिरीचे आणि नंतर नळाचे पाणी वापरलेली बाई. मी कळशी घ्यायला गेलो तर तिने दिली नाही. क्रम चुकेल म्हणाली. त्या दुपारी रस्त्यावर कोणी छायाचित्रकार आला असता आणि त्या रांगेचा रंगीबेरंगी लुगड्यांचा फोटो काढून निघून गेला असता, तर मला संताप आला असता. आणि तरीही काही वर्षांनी मीच पाणी वाहणाऱ्या स्त्रीचे चित्र घरी आणले. दोहोंच्या मध्ये काय बदलले? एवढेच की आमचा नळ पुन्हा सुरू झाला होता.

आता जे सांगायचे आहे ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. सेवेत असताना, एका टंचाईच्या वर्षी, माझ्या अखत्यारीतील एका गावात नवा हातपंप बसवण्यात आला होता. वरून मागणी आली की, अहवालासोबत लाभार्थींचे छायाचित्र जोडावे. मी छायाचित्रकाराला घेऊन गावात गेलो. पंप चालू होता. पण पाणी इतके खाली गेले होते की दहा-बारा घागरींनंतर तो कोरडा पडे आणि कित्येक तास थांबावे लागे. मला ते गावकऱ्यांनी सांगितले. तरी मी स्त्रियांना ओळीने उभे केले, स्वच्छ घासलेल्या घागरी आणावयास सांगितल्या, आणि पहिली धार पडताच फोटो घ्यावा असे छायाचित्रकारास बजावले. एक वृद्ध स्त्री गंभीर उभी होती. तिला जरा हसण्यास सांगितले. ती हसली. छायाचित्र उत्तम आले. अहवाल मान्य झाला. पंप अधूनमधून कोरडा पडतो, हे वाक्य मी अहवालात लिहिले नाही. कारण तसा रकानाच नव्हता, असे समाधान मी त्या वेळी करून घेतले.

त्या फोटोची एक प्रत बरीच वर्षे माझ्याजवळ होती. आमोर्सोलोची हसरी शेते पाहताना मला ती आठवली. त्याने निदान रंगाच्या मोहाने काही वगळले असेल. मी शासनाची शाई वापरून वगळले. चित्रातील चुंबळ नसल्याने त्या काल्पनिक स्त्रीच्या टाळूला काही इजा झाली नाही. माझ्या वाक्याच्या अभावी मात्र त्या गावाला दुसरा पंप मिळण्यास उशीर झाला असेल. चित्रकाराला दोष देण्याआधी मला हे लिहिणे भाग होते.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो आपल्याच साहित्यशास्त्रातून येईल. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी सांगितले की, रसास्वादासाठी साधारणीकरण आवश्यक आहे. रंगमंचावरील शोक हा ‘माझा’ नाही, ‘शत्रूचा’ नाही, ‘त्रयस्थाचा’ही नाही, अशा भूमिकेवर रसिक पोहोचतो तेव्हाच करुणाचा आस्वाद शक्य होतो. मग चित्रातील घागर कोणाची, ती किती जड, तिच्याखाली चुंबळ आहे काय, असे प्रश्न विचारणे हा अरसिकपणा नव्हे काय? महसुली कारकुनाने कलादालनात घुसून सात-बारा मागावा, तसे हे झाले!

आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. साधारणीकरणात ‘मी’ आणि ‘तो’ यांमधील भिंत पडते. दुसऱ्याचे दुःख कोणा एकाचे न राहता सर्वांचे होते, आणि म्हणून त्यात मीही येतो. माझ्या बैठकीत मात्र याच्या उलट घडत होते. चित्रातील स्त्रीचे कष्ट सर्वांचे होण्याऐवजी कोणाचेच राहिले नव्हते. तिचा भार नाहीसा केला होता, म्हणून तो माझ्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. उरला होता तो डौल. त्यात मी काही अनुभवत नव्हतो. केवळ विसावत होतो. विसावणे वाईट नाही, पण त्याला रसास्वाद म्हणू नये.

तर मग योग्य पाहणे कसे असते? याचे एक उदाहरण आपल्या गावातच आहे, आणि ते पाहण्याचे नसून ऐकण्याचे आहे. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले आणि पुढे येथलेच झाले. गाण्यास मनाई असलेल्या त्या दीर्घ काळात टेकडीच्या परिसरात, लग्नकार्यांत, सणावारांत गाणाऱ्या स्त्रियांची माळवी गीते त्यांच्या कानी पडत. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली, त्यांच्या चाली टिपल्या आणि त्यांतून नवे राग बांधले. अशा रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ असे नाव दिले. या नावाकडे लक्ष द्यावे. उगम कोठे आहे, हे त्यांनी नावातच नोंदवून ठेवले. हे रागसंगीत त्या गाणाऱ्या बायांच्या गाण्याहून वेगळे आहे, त्यांतील बरेच काही वगळले गेले आहे. पण घेतले कोठून, हे लपवलेले नाही. शिवाय त्यांनी त्या गीतांना ग्राम्य गंमत मानले नाही, विद्यार्थ्याने गुरूकडून शिकावे तसे ते शिकले. ज्याचे घेतले त्याला आपल्याहून अधिक जाणकार मानणे, ही त्या देण्याची पहिली फेड असावी.

दुसरी फेड कर्माची. २००६ साली आपल्या जिल्ह्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी ‘भगीरथ कृषक अभियान’ हाती घेतले. ज्यांनी नलकूपांनी सर्वाधिक पाणी उपसले त्या मोठ्या शेतकऱ्यांपासूनच त्यांनी सुरुवात केली. आपल्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्यासाठी द्या, असे त्यांना पटवले. आणि तळे खोदणाऱ्या शेतकऱ्याला मान दिला. पुढील वर्षांत जिल्ह्यात हजारो शेततळी झाली. लोक त्यांना ‘रेवासागर’ म्हणू लागले. मी ज्या खात्यात अहवाल सजवीत बसलो, त्याच शासनयंत्रणेतील एका अधिकाऱ्याने रिकाम्या घागरीकडे पाहून ती भरण्याचा विचार केला. त्या तळ्यांनी सर्व प्रश्न सुटले, असे नाही. पण पाहण्याला कृतीची जोड देता येते, एवढे त्यातून दिसते.

प्रत्येक रसिकाने तळे खोदावे, असा माझा हट्ट नाही. बहुतेकांच्या वाट्याला तेवढे सामर्थ्य नसते. माझे म्हणणे लहान आहे. दुसऱ्याच्या श्रमाचे सौंदर्य हे आपल्याला उसने मिळालेले असते. चित्राची किंमत चित्रकाराला दिली म्हणजे ते उसने फिटत नाही. निदान ते उसने आहे, याची आठवण ठेवणे आणि ज्याचे ते आहे तो मनुष्य आपल्या चित्राजवळ उभा राहून काही बोलला तर ते ऐकून घेणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे. कोणत्याही जनजीवनचित्राची मी आता हीच परीक्षा मानतो. चित्रातला मनुष्य चित्राशेजारी उभा केला तर चित्राला लाज वाटेल काय? मिलेच्या त्या तिघींसमोर त्याचे चित्र मान खाली घालणार नाही, असे मला वाटते. माझा तो हातपंपाचा फोटो घालील.

बाईंना मी मध्यंतरी विचारले की, हे चित्र काढून ठेवू का. त्यांना या प्रश्नाचेच नवल वाटले. म्हणाल्या, ‘‘असू द्या. रंग चांगले आहेत. मुलगी कोणाची तरी आहे.’’ मग त्यांनी आपणहून त्यांच्या गावची हकिगत सांगितली. लग्न होऊन आल्या तेव्हा पाणी किती लांब होते, सासूने पहिली चुंबळ कशी वळून दिली, तिच्यात कोणत्या जुन्या लुगड्याची चिंधी होती. मी पूर्वी गावोगाव फिरून पाण्याची माहिती गोळा करीत असे. पण चुंबळ कोणी वळून दिली, हे मला कोणी कधी सांगितले नव्हते, कारण मी ते विचारले नव्हते.

चित्र अजून त्याच भिंतीवर आहे. सकाळचा चहाही तेथेच होतो. फरक इतकाच की, त्या डौलदार रेषेवर नजर गेली की घागर आणि केस यांच्यामध्ये जी जागा मोकळी आहे, ती मला आता दिसते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या बैठकीत असेच एखादे चित्र असेल. त्यांनी ते उतरवावे, असे मी म्हणणार नाही. सवडीने एकदा त्याच्यासमोर उभे राहावे, आणि घरात त्या कामातले जाणणारे कोणी असेल तर त्याला शेजारी बोलावून विचारावे, की यात काय राहून गेले आहे.